बिब्बा उतला असं समजून

माझा उजवा हात बघून लोक विचारतात, सिद्राम, हे काय झालं होतं? दरवेळी पहिल्यापासून सांगायचं म्हणजे माझं तोंड दुखतं, आणि ऐकणारा निम्मं ऐकून उठून जातो. म्हणून लिहून काढतोय. मी तीन बुकं शिकलेला माणूस. अक्षर वेडंवाकडं आहे, पण ते याच हाताचं आहे. डॉक्टरी पुस्तकातलं मला काही कळत नाही. अंगावर गेलं तेवढंच सांगेन. ज्याच्या घरात सुजलेला हात मांडीवर घेऊन कुणी बसलं आहे आणि "हुईल बरं" म्हणतंय, त्यानं हे आधी वाचावं. भाकरी नंतर खावी.

काटा

आम्ही धनगर. मी सोलापुरात घोंगडी विणतो. माग पडवीत, खड्ड्यात पाय सोडून बसायचं. लोकर मंगळवेढ्याकडून येते. तिकडची मेंढरं बाभळीतून हिंडतात, त्यामुळे लोकरीत काटे असतातच. पिंजायच्या आधी ती हातानं चाचपून साफ करावी लागते. हे काम माझ्या बायकोचं, गवराचं. तिची बोटं बारीक, तिला काटा आधी कळतो. पण त्या दिवशी ती भाकरी थापत बसली होती आणि मला थांबायची सवय नाही. पंजा भरून लोकर उचलली आणि दाबली. करंगळीच्या शेजारच्या बोटाखाली, तळहाताच्या गादीत काटा गेला तो थेट आत.

गवरानं सुईनं काढला. बाहेर आला तो निम्माच.

"टोक ऱ्हायलं की वो आत," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. बिब्बा लाव."

आमच्याकडे काटा मोडला की बिब्बा लावतात. बिब्ब्याला सुई टोचायची, दिव्यावर धरायचा, आतलं काळं तेल चुरचुरत वर आलं की चटका द्यायचा. माझ्या बापानं हेच केलं, त्याच्या बापानं हेच केलं. पायात मोडलेले काटे असेच जिरले. मी रडलो नाही आणि ओरडलोही नाही. चटका बसला, काळा डाग पडला, मी परत मागावर बसलो.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा घोटाळा तिथंच झाला. काही माणसांना बिब्बा सोसत नाही. लावला की कातडी लाल होते, फुगते, पाण्याचे फोड येतात. याला आमच्यात बिब्बा उतला म्हणतात. आमच्या घराण्याला तो उततोच. बापाचा एकदा सगळा पाय उतला होता. त्यावर उपाय ठरलेला: खोबरेल लावायचं, पाणी लागू द्यायचं नाही, डिवचायचं नाही, आणि गप बसायचं. तो आपला आपण उतरतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी हात लाल झाला, सुजला, मनगटाजवळ फोड आले, तेव्हा घरात कुणी घाबरलं नाही. शेजारीपाजारी येऊन बघून गेले. सगळ्यांचं एकच: "बिब्बा उतलाय. खोबरेल लावा." मी खोबरेल लावलं आणि गप बसलो. गप बसायचं काम मी कधी नव्हे ते मन लावून केलं.

ठणका

मग ठणका सुरू झाला. हे दुखणं नव्हतं. दुखणं मला माहीत आहे. हातात जणू दुसरं काळीज बसवलं होतं आणि ते छातीतल्यापेक्षा मोठ्यानं उडत होतं. हात खाली सोडला की टचटच करायचा. बोटं वाकून आत वळली होती. सरळ करायला गेलो की डोळ्यापुढं अंधारी. तळहात मात्र बाहेरून म्हणावा तसा सुजलेला नव्हता. सूज हाताच्या पाठीवर चढली होती, पुरी फुगावी तशी.

गवरा लोकर साफ करता करता मधेच थांबली.

"खाजतंय का वो?"

"न्हाय."

"अजाबात न्हाय?"

"न्हाय म्हनलं की. ठणकतंय."

"मामंजींचा पाय उतला तवा ते खाजवून खाजवून येडं झालं हुतं. ह्ये खाजत न्हाय तर बिब्बा कसला?"

"तुला लई कळतंय."

"मला न्हाय कळत. पर मेंढीला आसं गळू आलं आस्तं, तर तुमी आतापतुर चाकू तापवून मोकळं झाला आसता. सोताचा हात म्हनून खोबरेल चोळत बसलाय."

मी तिला गप बस म्हणालो. ती गप बसली नाही, पण बोलली लोकरीशी. मला ऐकू जाईल असं.

संध्याकाळी हुडहुडी भरली. दोन घोंगड्या अंगावर घेतल्या तरी दात वाजायचे थांबेनात. आमचा मलकू गिरणीतून आला. हा माझा एकुलता मुलगा, गिरणीत साच्यावर, म्हणजे यंत्राच्या मागावर आहे. त्यानं कंदील जवळ आणला आणि माझी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत एक लाल रेघ गेली होती, कुणी कुंकवाचं बोट ओढावं तशी. काखेत अवधान आलं होतं, लिंबाएवढी गाठ. हात लावू देईना.

"आबा, दवाखान्यात चला."

"बिब्ब्याला दवाखाना लागत न्हाय."

"बिब्बा काकंत जातो व्हय?"

मी घोंगडी तोंडावर ओढली. म्हणालो, सकाळी बघू. सकाळी मलकूनं मला न विचारता शेजारच्या हुसेनचा टांगा दारात उभा केला. हुसेन आत आला, हात बघितला आणि त्याच्या तोंडातलं पान चघळायचं थांबलं.

"चाचा, ये हाथ नै, पानी की पखाल दिसरी. उठो. घोडा खडा है, तुम बैठे क्या करते?"

मी म्हणालो, "माज्या पायांनी चढंन. कुनी धरायचं न्हाय." चढलो. पायरीवर तोल गेला तेव्हा हुसेननं धरलं. पुढं त्यानं ते कधी कुणाला सांगितलं नाही. हुसेन चांगला माणूस.

डॉक्टरांनी काय सांगितलं

डॉक्टर तरुण होते, माझ्या मलकूपेक्षा थोडे मोठे असतील. मला वाटलं, ह्याला काय कळणार. त्यांनी हात हातात घेतला नाही. नुसता वाकून बघितला, वास घेतला, मग काडीचं बोथट टोक घेऊन हळूहळू तळहातावर दाबत गेले. एका जागी आले आणि मी खाटेवरून अर्धा वर आलो.

"इथं. याच्यावर काय लावलंत?"

"बिब्बा."

"वाटलंच. आजोबा, तुमच्या हाताला दोन सुजा आहेत, एकीवर एक. वरची बिब्ब्याची. ती जळजळते, खाजते, फोड आणते, आणि जाते. तिच्याखाली दुसरी लपली. काट्याबरोबर आत घाण गेली, ही तिची सूज. बिब्ब्याचा डाग बघून सगळ्यांनी वरचीलाच नाव दिलं."

मी विचारलं, "मंग खालची कशानं वाढली?"

माणूस चिडला नाही. ओळीनं सांगत गेला, आणि मला आजवर कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. "सूज ही काट्याची नाही, तुमची आहे. घाण आत शिरली की अंग रक्त धाडतं तिच्यावर. रक्त धावून येतं म्हणून जागा लाल आणि गरम. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं म्हणून फुगते. फुगून दाटलं की ठणकते. रक्तातले कण घाणीशी झुंजतात, तिथंच मरतात, त्याचा पू होतो. इथवर सगळं बरोबर चाललेलं असतं. अंगाचं काम अंग करतं. पण तुमचा तळहात बघा. उभा जन्म माग हाणून कातडी मोटेच्या चामड्यासारखी झालीय. आत जागा नाही आणि पुवाला बाहेर वाट नाही. मग तो आतल्या आत वाट काढतो, बोटं वाकवणाऱ्या दोऱ्यांवरून, मनगटाकडं. दाटून दाटून रक्ताच्या वाटा बंद झाल्या की बोटं मरतात."

"म्हंजे माजंच रगत माजा हात खातंय म्हना की."

"जवळजवळ तसंच."

"मंग आता?"

"वाट करून द्यायची. मग गरम पाणी, हात उंच, आणि विश्रांती. दुसरं औषध माझ्याकडं नाही. असं औषध अजून कुणी काढलेलं नाही, की जे पोटात घेतलं आणि हातातली घाण मेली. आधी आला असता तर एवढ्याशा चिरेत भागलं असतं."

हे शेवटचं वाक्य ते माझ्याकडे बघून बोलले. गवरा मागं उभी होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

गार औषध फवारून कातडी बधिर केली आणि तळहात चिरला. मी बघत होतो. नर्सबाई म्हणाल्या, तोंड फिरवा. मी फिरवलं नाही. पू आला, पण डॉक्टरांच्या तोंडावर समाधान नव्हतं. "टोक सापडत नाही," म्हणाले. चिरेत औषधाची पिवळी पट्टी भरली. मग जांभळी पेन्सिल पाण्यात बुडवून त्यांनी कोपराच्या वर, लाल रेघ जिथं संपत होती तिथं, आडवी खूण केली.

"ही रेघ या खुणेच्या खाली उतरली तर आपण जिंकलो. वर गेली तर मला सांगायचं. लगेच."

हात वर

दवाखान्यात सगळ्यात अवघड काय होतं विचाराल, तर हात वर करून पडणं. खाटेच्या लोखंडी दांडीला फडकं बांधून त्यात माझा हात टांगला होता. पाणी खाली उतरावं, ठणका कमी व्हावा म्हणून. खरंच कमी व्हायचा. पण मी सगळ्या वॉर्डासमोर शाळेतल्या पोरासारखा हात वर करून पडलेला. येणारा जाणारा बघायचा. मी जन्मात कुणापुढं हात वर केला नव्हता. पहिल्यांदा सोडवून घेतला तेव्हा नर्सबाईंनी परत बांधला. दुसऱ्यांदा सोडवला तेव्हा त्यांनी गाठ माझ्या डाव्या हाताला पोचणार नाही अशी मारली.

"आजोबा, हा काय झेंडा आहे का, खाली घ्यायला?"

सारखी पाण्याची परात यायची. सोसेल तेवढं गरम पाणी, त्यात मीठ, त्यात हात कोपरापर्यंत. पहिल्यांदा जीव जायचा, मग थोड्या वेळानं हात सैल पडायचा आणि पाण्यात पुवाचे दोरे तरंगायचे. घरी आम्ही पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. इथं हात दिवसभर पाण्यातच. गवरा परात धरून बसायची. पाणी गार व्हायला लागलं की नर्सबाईंच्या आधी तिला कळायचं.

शेजारच्या खाटेवर दुधनीचा शिवप्पा होता. शेंगा फोडायच्या मशिनीत त्याचा डावा हात गेला होता, मनगटाच्या वरून. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायचा. लई हसरा.

"अण्णा, येक सांगू? ह्यो हात न्हाय. तरीबी अंगठा खाजतंय. एनु माडोदु? काय करायचं? खाजवायला जावं तर हात कुटं हाय!"

तो हसायचा. मी हसलो नाही. माझ्या डोक्यात ते बसून राहिलं, की गेलेला हातसुद्धा खाजतो.

खुणेच्या वर

एका सकाळी गवरानं माझी बाही वर केली आणि तशीच नर्सबाईंकडे गेली. मला तेव्हाच कळलं. लाल रेघ जांभळ्या खुणेच्या वर दोन बोटं गेली होती. ताप उतरायचं नाव घेत नव्हता. करंगळी काळपट दिसत होती.

डॉक्टर आले. मलकूही पाळी सोडून आला होता. डॉक्टरांनी खाटेवर बसून सांगितलं. मनगटाजवळ खोल जाऊन परत चिरावं लागेल, भूल देऊन. टोक सापडलं, पुवाचा खिसा सापडला, तर हात राहील. पू दोऱ्यांवरून वर गेला असेल, तर हात कोपराच्या वरून काढावा लागेल, नाहीतर विष अंगभर.

मी म्हणालो, "येक शबूद द्या."

"कसला?"

"झोपंत हात काढायचा न्हाय. काढायचाच आसंल तर मला उटवून इचारायचं."

"आजोबा, क्लोरोफॉर्ममधून माणसाला मधेच उठवून पंचायत बसवता येत नाही."

"मंग भूल देऊ नका. मी हलनार न्हाय."

"तुम्ही हलणार नाही, हात हलेल. मग माझी सुरी शिरेवर जाईल."

"डॉक्टरसायब," मलकू मधे पडला, "मी हो म्हनतो. काय करायचं ते करा. माज्या शबदावर."

"तुजा बाप आजून जित्ता हाय!" मी इतक्या जोरात ओरडलो की पलीकडचं पोर रडायला लागलं. "हात माजा हाय. ह्या हातानं तुला वाडवला. हात न्हाय तर मी खाटंवरचं गाटुडं. मला तसलं जगायचं न्हाय."

मलकूचे डोळे भरले. तो बोलला ते मी विसरलो नाही. "आबा, तुमाला जगायचं न्हाय, पर आमाला तुमी पायजेत. आमचं कुनी इचारनार का न्हाय?" आणि तोंड फिरवून वऱ्हांड्यात गेला.

डॉक्टर खाटेवरून उठले. मग म्हणाले, "एक करता येईल. घरचं एक माणूस खोलीच्या दाराशी बसवा. तशी वेळ आलीच तर मी बाहेर येऊन विचारेन. पण उत्तर एका श्वासात पाहिजे. ते म्हणेल तसं."

"गवरा बसंल," मी लगेच बोललो. बत्तीस वर्षांहून जुना संसार. ती माझ्या शब्दाबाहेर गेलेली मला आठवत नव्हती.

गवरा परात पुसत होती. तिनं परात खाली ठेवली.

"मला इचारलं तर मी काप म्हनीन."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"आदीच सांगून ठिवते. मागनं म्हनू नका, गवरानं फशिवलं. आता बगा, मलाच बशिवायचं का दुसरं कोन."

मी तिच्याकडे बघितलं. रडत नव्हती. लोकरीतला काटा शोधताना तिचं तोंड जसं असतं तसं होतं. मलकूला बसवलं असतं तर त्यानंही तेच सांगितलं असतं, पण माझ्या माघारी. हिनं तोंडावर सांगितलं. मला राग आला होता, भीती वाटत होती, ताप होता. तरी तिच्याखेरीज दाराशी दुसरं माणूस बसलेलं माझ्या नजरेपुढं येईना.

"बस," मी म्हणालो.

बोटं कुठं आहेत

नाकावर जाळी ठेवली, गोडसर वास आला. कुणी तरी आकडे म्हणायला सांगितले. मी म्हणालो नाही. मुद्दाम. मग काही आठवत नाही.

जागा झालो तेव्हा घशात तोच वास होता. छप्पर फिरत होतं. उजवी बाजू जड होती. हात या वेळी टांगलेला नव्हता. अंगावर चादर होती आणि चादरीखाली काही तरी उशीवर ठेवलं होतं. किती लांबीचं ते कळत नव्हतं.

मी बघितलं नाही. मान वळवली की बघावं लागेल म्हणून मान छपराकडेच ठेवली.

बोटं ठणकत होती. पाचही. अंगठा वेगळा, करंगळी वेगळी कळत होती. बरं वाटलं, आणि लगेच शिवप्पाचं बोलणं आठवलं. गेलेला अंगठाही खाजतो. म्हणजे ठणका ही काही खात्री नव्हे. त्या क्षणाला जे झालं ते मला नीट लिहिता येणार नाही. आपलं अंग आपल्याशी खोटं बोलत असेल, तर विचारायचं कुणाला?

गवरा शेजारी बसली होती. मी तिला विचारलं नाही. विचारलं तर ती खरं सांगणार, हे मला आता माहीत झालं होतं.

"दुकतंय का?" तिनं विचारलं.

"व्हय."

"कुटं?"

"बोटात."

चादर बाजूला झाल्याचा आवाज आला. मी डोळे मिटले.

"ह्या का?" ती म्हणाली आणि पट्टीतून बाहेर आलेल्या बोटाचं नख तिनं असं दाबलं, की माझी किंकाळी बाहेरच्या टांग्यांपर्यंत गेली असेल. नर्सबाई धावत आल्या. "आजी, काय करताय!" म्हणून ओरडल्या. गवरा पदर तोंडावर धरून हसत होती की रडत होती, ते मला दिसलं नाही. कारण माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. दुखलं म्हणून होतं, असं मी त्यांना सांगितलं.

नंतर

डॉक्टरांनी कापसावर ठेवून टोक दाखवलं. नखाच्या कोरीएवढं काळं. बोटाच्या दोरीखाली आडवं जाऊन बसलं होतं. त्याच्या भोवती पुवाचा खिसा, तोच मनगटापर्यंत गेलेला. तिथून रबराच्या पट्ट्या घालून वाट काढली होती. लाल रेघ हळूहळू फिकी पडली, खुणेखाली उतरली, मग दिसेनाशी झाली. काखेतलं अवधान शेवटी गेलं. बिब्ब्याची जळलेली कातडी सापाच्या कातेसारखी सोलून निघाली आणि खाली गुलाबी हात निघाला, बाळाचा असतो तसा. इतका देखणा हात मला शोभत नव्हता.

मग बोटं वाकवायचं काम. गरम पाण्यात हात घालून मूठ वळायची. वळत नसे. मी शिव्या द्यायचो. शेजारी शिवप्पा आपला तुटका हात उचलून म्हणायचा, "मीबी वाकवतो अण्णा, तुमच्यासंगं." आणि डोळे मिटून नसलेली बोटं वाकवायचा. एकदा म्हणाला, आज वाकली, खाजपण गेली. मला हसू आलं. त्या दवाखान्यात मी पहिल्यांदा हसलो, असं गवरा म्हणते.

माझा हात आज असा आहे. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं, पहिल्यासारखी. उरलेली दोन अर्धी मिटतात. विणताना उजव्या काठाला वीण थोडी सैल पडते. ज्याला कळते त्याला मी आधीच सांगतो, ज्याला कळत नाही त्यालाही सांगतो.

माझ्यासारख्या हातावर पोट असणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. सूज आली की ती खाजते का ठणकते, हे बघा. खाजणारी चार दिवस वाट बघू शकते. ठणकणारी, बोटं वळू न देणारी, अंगात हुडहुडी आणणारी सूज वाट बघत नाही. तिच्यावर बिब्बा नको, चोळणं नको, घट्ट बांधणं नको. हात खाली सोडून बसू नका, उंच धरा. लाल रेघ दिसली तर सकाळची वाट बघू नका. आणि अंगावर आधी काय लावलं ते डॉक्टरांना पहिल्या धडाक्याला सांगा. वरच्या डागानं खालचं झाकतं.

घरचे भांडतील. भांडू द्या. माझा मलकू आणि मी त्यानंतर पुष्कळ दिवस एकमेकांशी गवरामार्फत बोलत होतो. तिला विचारायचो, "मलकू जेवला का?" आणि तो समोरच बसलेला असायचा. एकदा तो म्हणाला, "आये, आबांना सांग, जेवलो." मी म्हणालो, "ऐकलं मी. भैरा न्हाय झालो." तिथून बोलणं सुरू झालं परत.

एक गोष्ट राहिली. ती लिहावी का नको याचा मी लई विचार केला.

दवाखान्यातून सुटायच्या आधी गवरा माझा हात परातीत घालून बसली होती. दुपारची वेळ, वॉर्ड झोपलेला. मी विचारलं, "त्या दिवशी डॉक्टर दाराशी आले हुते का?"

"आले हुते."

"मंग?"

"म्हनले, आजी, टोक गावंना. काय करू? मी म्हनले, काप."

मी पाण्यातली बोटं वाकवायचा थांबलो.

"येका श्वासात?"

"अर्ध्या."

"मंग कापला का न्हाय त्येंनी?"

"दार वडून आत जाता जाता थांबले. म्हनले, मोटा चाकू हातात घ्यायच्या आत आनखी येकदा खाली बगतो. आन गेले. मी तितंच बसले."

माझ्या अंगाला पुन्हा हुडहुडी आली. म्हणजे हात राहिला तो हिच्यामुळं नाही. हिनं तर देऊन टाकला होता.

"तुज्या तोंडातनं शबूद निगाला तरी कसा गं? ज्या हातानं तुला आजवर खायला घातलं..."

"अवो, मी कुंकू काय तुमच्या हाताच्या नावानं लावते व्हय?"

मी हात परातीतून बाहेर काढला. पाणी सांडलं, खाटेवर, तिच्या लुगड्यावर. मान फिरवून भिंतीकडे बघत बसलो.

तिनं लुगडं झटकलं. माझं मनगट धरलं, नवी कातडी दुखू नये इतकं हलकं, आणि हात परत पाण्यात बुडवला.

"रुसायचं ते मागनं रुसा. पानी गार व्हतंय. वाकवा बोटं."

वाकवली.